आधी दगड ओळखा: संरक्षित जंगलाच्या मातीतले जड धातू कसे तपासायचे

सह्याद्रीतल्या एखाद्या अभयारण्याच्या मातीवरचा प्रबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी तुलनेचा तक्ता उघडते. बहुतेक वेळा चित्र तेच असतं. तांबे, क्रोमियम, निकेल यांच्यापुढे ‘प्रदूषित’ आणि शिशापुढे ‘सुरक्षित’. मग मी विचारते, खाली दगड कोणता आहे? उत्तर येतं, बेसाल्ट. तुलना कशाशी केली? जगाच्या सरासरी शेलशी, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाशी. तिथेच सगळा निष्कर्ष उलटा पडलेला असतो.

हे ‘सरासरी शेल’चे आकडे टुरेकियन आणि वेडेपोल या भूरसायनशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडले आणि आजही निम्म्या जगाचे अभ्यास त्यांच्यावर चालतात. त्यात तांबे ४५, क्रोमियम ९०, निकेल ६८, जस्त ९५ आणि शिसे २० मिलिग्रॅम प्रति किलो असं धरलंय. त्याच तक्त्यात बेसाल्टी खडकांचा वेगळा स्तंभ आहे: तांबे ८७, क्रोमियम १७०, निकेल १३०, जस्त १०५ आणि शिसे फक्त ६. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात तांबे याहूनही जास्त असतं, बऱ्याच ठिकाणी १०० ते २०० च्या घरात. शिसे मात्र बहुधा एक आकडी. म्हणजे आपल्या डोंगरातली माती जन्मतःच तांब्याने श्रीमंत आणि शिशाने गरीब आहे. शेलची फूटपट्टी लावली की न झालेलं तांब्याचं प्रदूषण दिसतं आणि झालेलं शिशाचं प्रदूषण झाकलं जातं.

जंगलाच्या बाबतीत ही चूक महाग पडते. वनखात्याच्या हातात चुकीचा अहवाल गेला तर ते ज्या धातूच्या मागे लागतील तो दगडातून आलेला असतो आणि रस्त्यावरून आलेला शांतपणे साचत राहतो. म्हणून या लेखात मूळ पातळीवर, म्हणजे धातूच्या नैसर्गिक प्रमाणावर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. उदाहरणासाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान धरते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, पश्चिमेला द्रुतगती महामार्ग, उत्तरेला घोडबंदर रस्ता, आत विहार आणि तुळशी हे तलाव. शहराने चहूबाजूंनी वेढलेली अशी जागा शिकायला फार चांगली, कारण धूळ कुठून येते हे उघड दिसतं.

प्रश्न आणि परवानगी

‘उद्यानाची माती प्रदूषित आहे का?’ हा प्रश्न नमुने गोळा करायला निरुपयोगी आहे. ‘महामार्गापासून आत जाताना वरच्या थरातलं शिसे आणि जस्त किती अंतरापर्यंत वाढलेलं आहे?’ हा प्रश्न कामाचा, कारण यातून कुठे खणायचं, किती खोल खणायचं आणि काय मोजायचं हे तिन्ही ठरतं.

धातूंची यादी स्रोतावरून ठरवा. वाहतूक असेल तर शिसे, जस्त, तांबे, अँटिमनी, कॅडमियम. टायर झिजतात तेव्हा जस्त सुटतं, ब्रेकच्या पॅडमधून तांबे आणि अँटिमनी. शिसेयुक्त पेट्रोल देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, पण आधीच्या दशकांत पडलेलं शिसे मातीतून कुठे गेलेलं नाही. ते सेंद्रिय द्रव्याला घट्ट धरून वरच्या थरातच बसतं. चंद्रपूर-ताडोबाच्या बाजूला कोळसा आणि औष्णिक वीज असल्यामुळे आर्सेनिक आणि पारा यादीत हवेतच, शिवाय तिथे खालचा दगडही बऱ्याच भागात बेसाल्ट नाही. गोव्यात मोले किंवा नेत्रावळीच्या कडेला काम करणार असाल तर खनिजाची धूळ लक्षात घ्या: लोह आणि त्याच्यासोबत मँगनीज. कुठेही गेलात तरी लोह, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम आणि मँगनीज मोजाच. हे प्रदूषक म्हणून नव्हे, पुढच्या गणितासाठी लागतात.

परवानगीशिवाय एक चिमूटही उचलू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली संशोधनासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते कलम लागू होतं. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्जात नकाशा, खड्ड्यांची संख्या, प्रत्येक खड्ड्याचं माप, एकूण किती किलो माती बाहेर नेणार आणि खड्डे कसे बुजवणार हे लिहा. ‘काही नमुने’ असं मोघम लिहिलेला अर्ज रखडतो, आणि तो रखडणं रास्तच आहे. परवाना यायला महिने लागू शकतात, तेव्हा हंगाम मागे मोजून अर्ज करा.

मूळ पातळी: इथे घाई नको

मूळ पातळी म्हणजे माणसाचा हात लागण्याआधी या जागी, या दगडावर, या प्रकारच्या मातीत तो धातू किती असता याचा अंदाज. पुस्तकातून उचललेला आकडा हा शेवटचा पर्याय. परदेशी मर्यादांचंही तसंच. नेदरलँड्सची जुनी लक्ष्यमूल्यं आपल्याकडे सर्रास वापरतात. त्यात तांबे ३६ आणि निकेल ३५ आहे. ती दहा टक्के सेंद्रिय द्रव्य आणि पंचवीस टक्के चिकणमाती असलेल्या प्रमाण मातीसाठी काढलेली आहेत. त्या मापाने सह्याद्रीतली एकही गाडी न पाहिलेली दरी नापास होईल.

स्थानिक मूळ पातळी काढायच्या दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरते.

पहिली वाट खोलीची. ज्या खड्ड्यातून वरची माती घेतली त्याच खड्ड्यातून खालची घ्यायची, मुरूम लागायच्या जरा वर, साधारण ४० ते ६० सेंटिमीटरवर. हवेतून पडलेलं शिसे तिथवर सहसा पोचत नाही. पण यात एक मेख आहे. झाडं मुळांनी खालून जस्त, मँगनीज, थोडं कॅडमियम ओढतात, पानांत साठवतात आणि पानगळीतून वरच्या थरावर टाकतात. शेकडो वर्षं हे चाललेलं असतं. तेव्हा वर जस्त खालच्यापेक्षा दीडपट दिसलं म्हणून लगेच रस्त्याकडे बोट दाखवू नका. शिसे झाडं फारसं वर खेचत नाहीत, म्हणून शिशाचा वर-खालचा फरक जास्त विश्वासाचा.

दुसरी वाट अंतराची. त्याच दगडावर, तशाच उतारावर, तशाच झाडोऱ्यात, पण रस्ता, पाडा, खाण आणि वाऱ्याची दिशा या सगळ्यांपासून लांब अशी जागा शोधायची. बोरिवलीसारख्या शहरी जंगलात पूर्णपणे अस्पर्श जागा मिळणं अवघड. तिथे खोलीची वाट मुख्य धरा आणि तुळशीच्या वरच्या अंगाच्या आतल्या रानातले नमुने जोडीला घ्या.

दगडाचा नकाशा आधी बघा. मुंबईचा दगड एकसारखा नाही. उद्यानात बेसाल्ट आहे, ज्वालामुखीजन्य ब्रेसिया (तुकडे सांधून बनलेला खडक) आहे, आणि साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याकडे मढ-मालाडच्या बाजूला ट्रॅकाइट-रायोलाइटसारखे फिकट खडक आहेत ज्यांत क्रोमियम-निकेल कमी आणि शिसे जास्त असतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे पाहून प्रत्येक दगडासाठी स्वतंत्र मूळ पातळी काढा. प्रत्येक दगडावर निदान दहा-बारा नमुने. तीस मिळाले तर उत्तम. त्यांची सरासरी न काढता मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) काढा, कारण एखादा विचित्र नमुना सरासरीला ओढून नेतो, मध्यकाला नेत नाही.

राधानगरीसारख्या ठिकाणी सडा (जांभ्याचं सपाट उघडं पठार) असेल तर जांभ्याचा वेगळा विचार करावा लागतो. जांभा तयार होताना पावसाने सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलेलं असतं आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे उरलेलं असतं. क्रोमियम आणि व्हॅनेडियम त्या लोहाला धरून राहतात आणि त्यांचं प्रमाण मूळ बेसाल्टपेक्षाही चढतं. जांभ्याच्या तांबड्या मातीची तुलना दोन किलोमीटरवरच्या काळ्या मातीशी केली तर फसाल. जांभ्याची तुलना जांभ्याशीच करा.

जागा आखणे

रस्त्याचा प्रश्न असेल तर रस्त्याला काटकोनात रेषा टाका आणि अंतरं जवळ-जवळ सुरू करून पुढे विरळ करा: ५, १५, ४०, १००, २५०, ५०० मीटर. रस्त्याची धूळ बहुतांशी पहिल्या काही दहा मीटरांत पडते, म्हणून तिथे ठिपके दाट हवेत. अशा तीन रेषा, प्रत्येकीवर सहा जागा, प्रत्येक जागी दोन खोल्या, झाले ३६ नमुने. दोन दगडांच्या मूळ पातळीसाठी बारा-बारा मिळवा, ६० झाले. दहा टक्के दुबार नमुने धरून ६६. एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याला एका हंगामात झेपेल असं हे काम आहे.

संपूर्ण उद्यानाचा नकाशा हवा असेल तर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत यदृच्छेने एक जागा घ्या. मात्र पंधरा-वीस ठिपक्यांवर रंगीत नकाशा काढण्याचा मोह टाळा. संगणक रंग भरून देतो, पण त्या रंगांमागे माहिती नसते.

हंगाम एकच ठेवा. एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबर. पावसाळ्यापूर्वी वर साचलेली धूळ जास्त असते, पावसाने ती उतारावरून वाहून जाते. अर्धे नमुने मेमध्ये आणि अर्धे डिसेंबरमध्ये घेतले तर हंगामाचा फरक अंतराचा फरक म्हणून समोर येईल.

नकाशावर ठरलेली जागा प्रत्यक्षात बघितल्यावर बदलावी लागू शकते. वारूळ असेल तर सरका, कारण वाळवी खालची माती वर आणून टाकते आणि खोलीचा हिशेब मोडतो. विजेच्या मनोऱ्याखाली, जस्ताच्या मुलाम्याच्या कठड्यालगत, जुन्या चुलीच्या किंवा वणव्याच्या राखेवर, पायवाटेवर, सहलीच्या कचऱ्याजवळ घेऊ नका. नाल्याच्या तोंडाशी साचलेली माती वरच्या सगळ्या उताराचं मिश्रण असते. ती हवी असेल तर वेगळा गट म्हणून घ्या, रेषेत मिसळू नका. सरकलात तर किती आणि का, हे वहीत लिहा.

खड्ड्यापाशी

वनरक्षक सोबत असल्याशिवाय आत जाऊ नका, आणि सूर्य कलण्याआधी बाहेर या. बोरिवलीच्या रानात बिबट्या आहे. बिळं, घरटी, वाळवीची घरं यांना धक्का लावायचा नाही.

हत्यारांचं आधी बघा. रंग लावलेलं फावडं, जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं, पितळी चाळणी यांतलं काहीही नको. स्टेनलेस स्टीलचं खुरपं खणायला चालतं, पण त्याचा स्पर्श झालेली माती प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडून टाका आणि नमुना आतल्या, न शिवलेल्या मातीचा घ्या. माझ्याच एका गटाने पहिल्या वर्षी एका जागेचे पाचही उपनमुने गावातून आणलेल्या पत्र्याच्या घमेल्यात कालवले होते. जस्ताचे आकडे रस्त्यापासून आत गेलं तरी उतरेनात, उलट शेवटच्या जागी सर्वांत जास्त. दोन आठवडे आम्ही त्यामागचं कारण शोधत होतो. मग दुबार नमुन्यांपैकी एक, जो घाईत थेट पिशवीत भरला होता, तो बाकीच्यांच्या जवळपास निम्मा निघाला, आणि घमेलं डोळ्यासमोर आलं. त्या वर्षीचं सगळं जस्त बाद केलं.

जागेवर एक मीटर बाजूचा चौकोन आखा. चारही कोपरे आणि मध्य असे पाच उपनमुने. आधी पालापाचोळा हाताने बाजूला करा. तो टाकायचा नाही, एका कापडावर ठेवा, शेवटी परत पसरायचा आहे. पालापाचोळ्याचाच अभ्यास करायचा असेल तर तो वेगळ्या कागदी पिशवीत. खाली कुजलेल्या पानांचा काळपट, भुसभुशीत थर लागतो, बोटाला ओलसर आणि बुरशीच्या वासाचा. तो आणि खालची खनिज माती एकत्र करू नका. कितव्या सेंटिमीटरपासून ‘माती’ धरली ते लिहा, नाहीतर एका जागी ० ते १० म्हणजे निम्मं कुजकट आणि दुसऱ्या जागी निव्वळ माती, असं होतं. मी ० ते १० चा वरचा नमुना घेते, आणि शिशाचाच प्रश्न असेल तर ० ते ५ वेगळा काढते.

खालच्या थरासाठी पाचपैकी मध्याचाच खड्डा खोल करा. खालचा नमुना घेताना वरची माती ढासळून मिसळू नये म्हणून खड्ड्याची भिंत खालून वर खरवडून साफ करा. वरच्या मातीतलं शिसे खालच्या दहापट असू शकतं, म्हणून एक मूठ वरची माती खाली मिसळली तरी मूळ पातळी चढते आणि सगळी प्रमाणं उतरतात.

पाच उपनमुने प्लास्टिकच्या चादरीवर कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा कालवा, असं करत एक किलोवर आणा. दोन पिशव्या, एकीत एक. मधल्या जागेत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. शाई ओल्या मातीने विरघळते. वहीत जागेचे अक्षांश-रेखांश, उतार, झाडोरा, मातीचा रंग, दगड, हवामान आणि तुम्हाला खटकलेली कुठलीही गोष्ट. खड्डा त्याच क्रमाने भरा, पाचोळा पसरा. तुम्ही गेल्यावर ती जागा वनमजुराला ओळखू येऊ नये.

वाळवणे, चाळणे, दळणे

प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पातळ थर करून, सावलीत, रस्त्याच्या धुळीपासून लांब वाळवा. ओव्हन वापरायचा तर तापमान ४० अंशांच्या पुढे नको. पारा मोजणार असाल तर अजिबात तापवू नका, उडून जातो. त्यासाठी ओला नमुना वेगळा ठेवा आणि ओलावा मोजून हिशेब करा. मुळं आणि दगड काढून दोन मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून काढा. मग थोडा भाग अकीकाच्या खलात बारीक वाटा. दोन नमुन्यांच्या मध्ये खल स्वच्छ वाळूने घासून घ्या. स्वच्छ नमुने आधी, रस्त्याकडेचे शेवटी वाटायचे.

प्रयोगशाळेत काय मागायचं

सामू (पीएच), सेंद्रिय कार्बन आणि पोत ही तीन साधी मापं सगळ्या नमुन्यांची करून घ्या. यांच्याशिवाय धातूंचे आकडे वाचता येत नाहीत. सामू पाचच्या खाली आला तर जस्त-कॅडमियम मोकळं होतं, सेंद्रिय कार्बन जास्त असेल तर शिसे बांधलेलं राहतं.

धातूंसाठी खरा प्रश्न आहे की माती विरघळवायची कशात. बहुतेक प्रयोगशाळा अम्लराज वापरतात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. त्यात माणसाने टाकलेले धातू जवळजवळ सगळे सुटतात, पण सिलिकेटच्या आणि क्रोमाइटसारख्या खनिजांच्या आत अडकलेले सुटत नाहीत. टायटॅनियम तर बरंचसं मागेच राहतं. सगळं विरघळवायचं तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते काचेला खातं, कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. टेफ्लॉनची भांडी, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम आणि अनुभवी माणूस हजर नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मातीवर क्ष-किरण टाकणारं एक्सआरएफ यंत्र आम्लाशिवाय एकूण प्रमाण देतं आणि टायटॅनियमसाठी चांगलं आहे, कॅडमियमसाठी नाही.

यातून निघणारा नियम असा की पृष्ठभाग आणि मूळ पातळी दोन्ही एकाच पद्धतीने मोजा. अम्लराजाचा आकडा भागिले पुस्तकातला एकूण आकडा, हे गणित अर्थहीन आहे. क्रोमियमच्या बाबतीत तर ते हमखास खोटं बोलतं.

यंत्रांबद्दल दोन सावधगिरी आपल्या मातीसाठी खास आहेत. आयसीपी-ओईएसवर (मूलद्रव्यांच्या प्रकाशावरून मोजणारं यंत्र) लोहाच्या प्रकाशरेषा कॅडमियमच्या रेषांवर चढतात, आणि आपली माती लोहाने भरलेली, त्यामुळे नसलेलं कॅडमियम दिसू शकतं. आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वजनावरून मोजणारं यंत्र) अम्लराजातलं क्लोरीन आणि यंत्रातला आर्गॉन मिळून आर्सेनिकाच्याच वजनाचा कण बनतो. प्रयोगशाळेला विचारा की ही दुरुस्ती केली आहे का. ज्वालेच्या एएएसवर (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून मोजणारं यंत्र) बेसाल्टी मातीतलं नैसर्गिक कॅडमियम दिसतच नाही. ते हवं असेल तर ग्राफाइट भट्टी किंवा एमएस लागतं.

दर वीस नमुन्यांमागे एक ब्लँक (धातू नसलेला कोरा नमुना), एक प्रमाणित संदर्भ माती (जिच्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे) आणि दोन डुप्लिकेट घाला, आणि ते कोणते आहेत हे प्रयोगशाळेला सांगू नका, नुसते क्रमांक द्या. संदर्भ मातीची पुनर्प्राप्ती, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणापैकी किती टक्के मिळालं, ८० ते १२० टक्क्यांबाहेर गेली तर तो घाणा परत करायला सांगा. पैसे तुमचे आणि जंगल सगळ्यांचं आहे, संकोच करू नका.

एकूण प्रमाणावरून वनस्पतींना किती मिळतं ते कळत नाही. जमीन आरोग्य पत्रिकेसाठी जी डीटीपीए (धातू धरून ठेवणारं रसायन) पद्धत वापरतात ती मुळात उदासीन ते चुनखडीच्या मातीसाठी बनवलेली आहे. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत मी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचा अर्क जास्त मानते. खोलात जायचं तर बीसीआर नावाची टप्प्याटप्प्याची पद्धत आहे. तिच्यात आधी सहज सुटणारे, मग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडला धरलेले, मग सेंद्रिय द्रव्यातले, शेवटी दगडात अडकलेले धातू वेगळे होतात. दगडातून आलेलं क्रोमियम जवळजवळ सगळं शेवटच्या टप्प्यात सापडतं. दगडी आणि परका धातू वेगळे ओळखायला याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

गणित, एका काल्पनिक नमुन्यावर

समजा महामार्गापासून १५ मीटरवर वरच्या थरात तांबे १६० आणि शिसे ४८ मिलिग्रॅम प्रति किलो आलं, टायटॅनियम १.६ टक्के. त्याच दगडावरच्या खोल थराचा मध्यक तांबे १५०, शिसे ६, टायटॅनियम १.५ टक्के. सगळं एकूण प्रमाण, एकाच पद्धतीने.

म्युलर यांचा १९६९ चा भू-संचय निर्देशांक असा काढतात: नमुन्यातलं प्रमाण भागिले मूळ पातळीची दीडपट, आणि त्या उत्तराचा २ या पायाचा लॉगॅरिदम. शून्याखाली म्हणजे अप्रदूषित, आणि पुढे प्रत्येक पूर्णांकाला एक पायरी.

शेलच्या आकड्यांनी तांबे: १६० भागिले ६७.५, लॉग घेतल्यावर १.२५, म्हणजे मध्यम प्रदूषित. शिसे: ४८ भागिले ३०, लॉग ०.६८, म्हणजे किरकोळ.

आता स्थानिक मूळ पातळीने. तांबे: १६० भागिले २२५, लॉग उणे ०.४९. अप्रदूषित. शिसे: ४८ भागिले ९, लॉग २.४१. मध्यम ते तीव्र प्रदूषित.

नमुना तोच आणि आकडेही तेच आहेत, फक्त तुलना बदलली.

समृद्धी गुणांक याला दुजोरा देतो. त्यात धातूला टायटॅनियमसारख्या न हलणाऱ्या मूलद्रव्याने भागतात, म्हणजे चिकणमाती कमी-जास्त असल्याचा परिणाम निघून जातो. तांब्याचं वरचं गुणोत्तर १०० आणि खालचंही १००, समृद्धी १. शिशाचं वर ३० आणि खाली ४, समृद्धी साडेसात. दोनच्या आतल्या फरकाला मी काही म्हणत नाही. पाचच्या वर गेलं तर बाहेरून आलं असं ठामपणे लिहिते.

भाजक म्हणून लोह सोपं असतं म्हणून सगळे लोह वापरतात. गोव्याच्या खाणपट्ट्यात हे करू नका. तिथे धूळच लोहाची, म्हणून प्रदूषण वाढेल तसा भाजक वाढतो आणि गुणांक उतरतो. प्रदूषण स्वतःलाच पुसून टाकतं. जांभ्यावर लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही हललेले असतात. टायटॅनियम किंवा झिर्कोनियम वापरा.

टॉमलिन्सन यांचा प्रदूषणभार निर्देशांक सगळ्या धातूंच्या गुणोत्तरांचं गुणोत्तरी मध्य काढतो. वाचायला सोपा, पण पाच स्वच्छ धातूंच्या गर्दीत एक वाईट धातू हरवतो. हाकान्सन यांच्या १९८० च्या जोखीम निर्देशांकात शिशाला ५, कॅडमियमला ३०, पाऱ्याला ४० असे भारांक आहेत. आपल्या उदाहरणात शिशाची जोखीम ५ गुणिले ८ (४८ भागिले ६), म्हणजे ४०, नेमकी मध्यम जोखमीच्या उंबरठ्यावर. हे भारांक स्वीडनच्या तलावांतल्या गाळावरून बेतलेले आहेत. कोकणच्या जंगलातल्या मातीसाठी मी ते देते, पण त्यावर शिफारस बांधत नाही.

आकडे काय सांगतात

आधी अंतराचा आलेख काढा. शिसे, जस्त, अँटिमनी रस्त्यापासून आत जाताना उतरत असतील आणि क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम सपाट राहत असतील तर कथा जुळली. क्रोमियम-निकेल-टायटॅनियम-लोह एकमेकांसोबत चढत-उतरत असतील तर तो दगड बोलतोय. पीसीएचा (एकत्र बदलणाऱ्या धातूंचे गट शोधणारी संख्याशास्त्रीय पद्धत) आलेख याच जोड्या दाखवतो, मात्र तीसपेक्षा कमी नमुन्यांवर तो काढू नका, आणि काढण्याआधी आकड्यांचे लॉग घ्या. मापनमर्यादेखालच्या आकड्यांच्या जागी शून्य भरू नका.

शिशाचा स्रोत पक्का करायचा असेल आणि निधी असेल तर शिशाच्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) गुणोत्तर मोजून घ्या. पेट्रोलमधलं जुनं शिसे आणि स्थानिक दगडातलं शिसे यांची गुणोत्तरं बहुधा वेगळी पडतात.

अहवालात वनखात्यासाठी दोन पानं साध्या मराठीत हवीत. किती मीटरपर्यंत वाढ दिसली, कोणत्या धातूची, आणि त्या पट्ट्यात पाणी कुठे जातं. रस्त्याची गटारं थेट नाल्यात सुटत असतील आणि तो नाला तलावाकडे जात असेल, तर गाळ अडवणारा खड्डा कुठे घ्यावा ते नकाशावर दाखवा. प्राण्यांच्या गुहा किंवा दुर्मीळ वनस्पतींच्या जागा मात्र छापील नकाशात येऊ देऊ नका.

शेवटी उरलेल्या प्रत्येक नमुन्याचे शंभर-दीडशे ग्रॅम काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या झाकणाने बंद करून ठेवा. बाटलीवर जागेचा क्रमांक, खोली आणि तारीख, आणि आत पुन्हा पेन्सिलची चिठ्ठी. दहा वर्षांनी कोणी त्याच रेषेवर पुन्हा खणायला जाईल तेव्हा त्याने तुमची माती स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या नमुन्यांसोबत पुन्हा मोजावी. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.